स्मशानात तुमचा रकाना कोणता? धर्मवार वेगळी जागा राखावी का?

कृष्णाकाठची

गेल्या वैशाखात माझ्या आत्याचे यजमान गेले. (आमच्या सांगलीकडे आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात, म्हणून पुढे मामा.) आम्ही लिंगायत. आमच्यात दहन नसतं. देह बसवून, हातात इष्टलिंग देऊन, विभूती आणि बेलाची पानं घालून मूठमाती देतात. मामा-आत्या निवृत्तीनंतर एका नगरपरिषदेच्या गावात घर बांधून राहिले. गावाचं नाव लिहीत नाही, आत्याला अजून तिथंच राहायचंय.

मामा दुपारी दोनला गेले. तीनच्या सुमारास आतेभाऊ पास आणायला गेला. खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "लाकूड का गॅस?" भाऊ म्हणाला, "खड्डा." तेव्हा त्यानं मान वर केली. "लहान मूल आहे का?" भाऊ म्हणाला, "नाही, एकोणऐंशी." मग त्यानं रजिस्टर फिरवून दाखवलं. त्यात रकाने दोनच, हिंदू दहन आणि मुस्लिम दफन. "तुमचं कुठं लिहू सांगा, लिहितो," म्हणाला. माणूस वाईट नव्हता हो, खरंच अडला होता. कुणीतरी सुचवलं, कब्रस्तानाच्या लोकांना विचारून बघा. दुसरं कुणी म्हणालं, एक दिवस अग्नी दिला तर काय बिघडतं? आत्या आतल्या खोलीतून हे सगळं ऐकत होती.

शेवटी शववाहिका करून पंचेचाळीस किलोमीटरवर मूळ गावी नेलं. जंगम स्वामी (आमचे पुरोहित) खड्ड्याचं बघायला मोटारसायकलवरून पुढे गेले होते. रात्री साडेदहाला बॅटरीच्या उजेडात माती दिली.

आता त्याच गावाचा विकास आराखडा नव्यानं होतोय आणि हरकती-सूचना मागवल्यात. भाऊ म्हणतो, लिंगायतांसाठी वेगळ्या रुद्रभूमीचा, म्हणजे आमच्या दफनभूमीचा, अर्ज टाकू. मी कचरतेय. आज आम्ही मागितली, उद्या आणखी चौघं मागतील. जिवंतपणी गल्ल्या वेगळ्या आहेतच, मेल्यावरही वेगळ्याच करायच्या? तुम्हाला काय वाटतं?

---

घाटमाथा

सरळ बोलतो, राग मानू नका. जमीन जिवंतांना पुरेना, मेलेल्यांना कुठून आणायची? सगळ्यांना एकच गॅसदाहिनी करा. राख होते, तिला जात नसते. विषय संपला.

---

सॅबी_वसई

घाटमाथा, विषय तुमचा संपला. ज्याच्या घरी मयत झालंय त्याचा तिथून सुरू होतो.

---

शिवडी_लोकल

ताई, वाचून वाईट वाटलं. मुंबईचं थोडं सांगतो, कारण 'वेगळी जागा' हा प्रकार इथं कसा झाला ते मजेशीर आहे.

जुन्या मुंबईत मरणाला 'सोनापूरला गेला' म्हणायचे. सोनापूर म्हणजे मरीन लाइन्सचा पट्टा, आताची चंदनवाडी. तिथं गोऱ्यांचं दफन, हिंदूंचं दहन, मुसलमानांचं कब्रस्तान हे सगळं एकाला एक खेटून होतं. धर्म वेगळे, वारा एकच. एकोणिसाव्या शतकात शहर वाढलं तशी ही जागा साहेबाच्या नाकाला झोंबू लागली. हिंदूंचं स्मशान शिवडीला हलवायचा बेत होता. नाना शंकरशेट आडवे आले म्हणून ते जागेवर राहिलं. गिरगावातून शिवडीपर्यंत प्रेत खांद्यावर न्यायचं कसं, हा साधा प्रश्न होता. धर्माइतकाच अंतराचाही.

गोऱ्यांची दफनभूमी मात्र शिवडीला गेली. त्या जागेवर आधी वनस्पती उद्यान होतं, ते भायखळ्याला हललं आणि आपली राणीची बाग झाली. आज त्या शिवडीच्या दफनभूमीत व्हीटी स्टेशन बांधणारे स्टीव्हन्स आहेत आणि टिळकांचे सहकारी काका बॅप्टिस्टाही. साहेब आणि साहेबाविरुद्ध होमरूल मागणारा, एकाच कुंपणात.

वरळीला डॉ. ई. मोझेस रोडवर जाऊन या. पालिकेचं हिंदू स्मशान, ज्यूंची दफनभूमी, आणि २०१५ पासून स्मशानाच्या आवारातच पारशांसाठी प्रार्थनागृह. डुंगरवाडीऐवजी (मृतदेह गिधाडांसाठी उघड्यावर ठेवायची पारशांची जागा) दहन निवडणाऱ्या पारशांची सोय म्हणून ते झालं. रस्त्याला ज्यांचं नाव आहे ते मोझेस बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडचे मराठी ज्यू होते आणि मुंबईचे महापौर होते. चिन्यांची दफनभूमी अँटॉप हिलला आहे. म्हणजे इथं 'वेगळं' मागितलं की निदान कुणी दचकत नाही.

---

निळाई

वरचं सगळं छान आहे. आता गावाकडे या.

आमच्या तालुक्यात हिंदूंसाठी एक स्मशान असं कागदावर आहे. प्रत्यक्षात तीन आहेत. एकाला पत्र्याचं शेड, बाक, नळ, डांबरी रस्ता. दुसऱ्याला नुसता चौथरा. आमचं ओढ्यापलीकडं. पावसाळ्यात तिरडी डोक्याच्या वर धरून कंबरभर पाण्यातून न्यायची. माझ्या आजीला तशी नेली, मी बारा वर्षांची होते. त्यामुळे 'वेगळी जागा राखून ठेवणे' हे शब्द ऐकले की माझ्या अंगावर काटा येतो. आम्हाला ती न मागताच राखून मिळालीय.

बाबा आढावांनी १९७२ च्या दुष्काळाच्या काळात 'एक गाव, एक पाणवठा' चळवळ चालवली. 'एक गाव, एक स्मशान' ही घोषणा त्यानंतर किती वेळा दिली गेली असेल. पाणी नळानं घरात आलं म्हणून पाणवठ्याचा प्रश्न थोडा झाकला गेला. स्मशान नळानं येत नाही.

आणि हे फक्त हिंदूंचं आहे असं समजू नका. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर भागात कॅथलिक दफनभूमीत दलित ख्रिश्चनांच्या कबरींमध्ये आणि बाकीच्यांच्या कबरींमध्ये भिंत आहे. धर्म बदलला तरी भिंत सोबत आली.

---

सॅबी_वसई

निळाई, मान्य. आमच्यात कुणी मान्य करत नाही, पण मी करतो.

तरी वेगळं का लागतं ते सांगू द्या. आमच्या वसईत दफनभूमी चर्चची असते, पालिकेची नाही. जागा आशीर्वादित असते, २ नोव्हेंबरला सगळा गाव मेणबत्त्या घेऊन तिथं जातो. जागेची टंचाई आम्हालाही आहेच. मुंबईत बहुतेक पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीत) कबर कायमची मिळत नाही. काही वर्षांनी ती उघडतात, अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि खड्डा पुढच्याला. माझे आजोबा-आजी दोघं मिळून एका कोनाड्यात आहेत, चपलांच्या खोक्यापेक्षा थोडी मोठी जागा. आजी असती तर म्हणाली असती, लग्नानंतर पहिल्यांदा चाळीत राहिलो तेवढीच आहे.

दहनाला कॅथलिकांना १९६३ पासून मुभा आहे, पण वसईत अजून कुणी सहज करत नाही.

अडचण येते ती लग्नं मिसळली की. माझ्या मावशीचा नवरा हिंदू होता, शेवटपर्यंत हिंदूच राहिला. दर रविवारी तिला चर्चला सोडायचा आणि बाहेर पेपर वाचत बसायचा. तो गेला तेव्हा तिला फक्त एवढंच हवं होतं, आपण दोघं एका ठिकाणी असावं. झालं नाही. तो समुद्रात, ती कोनाड्यात जाणार. हा दोष कुणाचाच नाही, नियम जुना आहे. पण रकाना म्हणतात तो हाच.

---

अमीना_रत्नागिरी

'कब्रस्तानाच्या लोकांना विचारून बघा' हे वाचून हसू आलं आणि नाहीही. विचारलं असतं तर काय झालं असतं ते सांगते.

आमच्यात कबर उत्तर-दक्षिण असते. डोकं उत्तरेला, मय्यत उजव्या कुशीवर, तोंड किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, आपल्याकडून पश्चिमेला. ख्रिश्चनांच्यात पारंपरिक रीत पाय पूर्वेला, म्हणजे पूर्व-पश्चिम. लिंगायतांचं बसवून, म्हणजे चौकोनी आणि खोल. एकाच ओळीत हे तिन्ही घालायला गेलात तर चालायला वाट उरणार नाही. वेगळ्या भागाचं निम्मं कारण द्वेष नसून भूमिती आहे. कोकणात जांभा फोडून कबर खणावी लागते, एक खणायला जन्म जातो. तेव्हा कोण कुठं खणणार हे आधी ठरलेलं बरं.

जमातीचं कब्रस्तान हे वक्फचं किंवा जमातीच्या मालकीचं. 'मुस्लिम दफन' असा एक रकाना वाचून बाहेरच्याला वाटतं आम्ही सगळे एक. वांद्र्यात कोकणी मुस्लिम जमातीचं वेगळं, खोजा सुन्नतचं वेगळं, खोजा इस्ना अशरीचं वेगळं. २०२० साली शेजारच्या रहिवाशांनी कोविडची दफनं तिथं नकोत म्हणून हायकोर्टात धाव घेतली, ती २२ मे रोजी फेटाळली गेली. त्याआधी ३० मार्चला पालिकेनं सगळ्या कोविड मृतांचं धर्म न बघता दहनच करायचं असं परिपत्रक काढलं आणि त्याच दिवशी बदललं. ते काही तास मी विसरणार नाही. माझे चाचा तेव्हा मुंबईत हॉस्पिटलात होते. (ते बरे झाले, अल्हमदुलिल्लाह. आता आम्हा सगळ्यांना छळतायत.)

म्हणून घाटमाथाभाऊ, 'सगळ्यांना एकच दाहिनी' ऐकायला सोपं वाटतं. आम्ही ते एक दिवस जगलोय.

---

घाटमाथा

अमीनाताई, हे माहीत नव्हतं. माझा मुद्दा जमिनीपुरता होता. शब्द मागे घेत नाही, पण थोडे खाली ठेवतो.

---

सडेतोड_९९

सगळे लाड एकाच बाजूचे का? इथं हिंदूंनीच

[प्रतिसादाचा उरलेला भाग काढला आहे. मयताच्या धाग्यावर तरी जरा. – संपादक मंडळ]

---

वोकिंगकर

मी इंग्लंडमध्ये वोकिंगला राहतो. घरापासून काही मिनिटांवर ब्रुकवूड. लंडनमध्ये पुरायला जागा उरली नाही म्हणून १८५४ मध्ये ही दफनभूमी उघडली, आणि तिथं जायला वॉटर्लूहून खास मयताची रेल्वे होती! आत दोन स्टेशनं. एक अँग्लिकन चर्चवाल्यांसाठी, दुसरं बाकी सगळ्यांसाठी. शिवाय पहिला, दुसरा, तिसरा वर्ग, जिवंतांना आणि शवपेटीलाही. शवपेटीचं तिकीट अर्थातच एकेरी. १९४१ मध्ये लंडनच्या टोकाचं स्टेशन बॉम्बहल्ल्यात गेलं आणि गाडी बंद पडली.

त्याच ब्रुकवूडमध्ये १८६२ पासून पारशांचा भाग आहे. जमशेटजी टाटा १९०४ साली जर्मनीत वारले, त्यांना इथं पुरलं. सर दोराबजी आणि सर रतन हे दोघं मुलगेही इथंच. दख्म्यात (डुंगरवाडीतल्यासारख्या मनोऱ्यात) ठेवणं इंग्लंडात शक्य नव्हतं, मग जमातीनं निदान स्वतःचा तुकडा मिळवला. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा फरवहराची (पारशांच्या पंखवाल्या धर्मचिन्हाची) आकृती बघून क्षणभर फोर्टात असल्यासारखं वाटलं.

आणखी एक. पहिल्या महायुद्धात जखमी हिंदी सैनिक ब्रायटनच्या इस्पितळांत होते. जे गेले त्यांच्यातल्या मुसलमानांना वोकिंगला पुरलं. हिंदू-शीख ५३ जणांचं दहन ब्रायटनबाहेर पॅचमच्या टेकडीवर झालं, तिथं १९२१ साली संगमरवरी छत्री उभारली. राज्य करणाऱ्यालाही लढाईच्या धामधुमीत एवढं कळत होतं की हे एकत्र करता येणार नाही. सद्भावना किती आणि पलटणीत नाराजी नको हा हिशेब किती, ते सोडा.

---

रंकाळा_सायंकाळी

वोकिंगकर, आमचं कोल्हापूर विसरलात. छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या दौऱ्यावरून परतताना १८७० च्या नोव्हेंबरअखेर फ्लॉरेन्समध्ये वारले, वय अवघं वीस. इटलीत तेव्हा दहनाची सोय कुठली. खास परवानगी काढून आर्नो नदीच्या संगमावर रात्री अग्नी दिला. तिथं आज छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे. ताई, तुमच्या मामांची बॅटरी वाचून मला तेच आठवलं. राजा असो की पेन्शनर, रीत वेगळी निघाली की रात्रच गाठावी लागते.

---

निळाई

राजाला परवानगी मिळते हो.

---

पायरीवरचा_वकील

कायद्याचं थोडक्यात. दफन-दहनाच्या जागा हा राज्यसूचीतला विषय, सातवी अनुसूची, राज्यसूचीची नोंद १०. बाराव्या अनुसूचीच्या १४ व्या नोंदीत तो नगरपालिकांच्या कामांत येतो. तेव्हा 'आमचं काम नाही' हे उत्तर चालत नाही.

पण धाग्याला सगळ्यात जवळचं प्रकरण छत्तीसगडचं आहे. बस्तरमधल्या एका गावात ७ जानेवारी २०२५ ला एक ख्रिस्ती पाद्री वारले. मुलाचं म्हणणं, आमचे आधीचे लोक याच गावात पुरलेत, वडिलांनाही इथंच पुरू द्या, नाहीतर आमच्या खाजगी जमिनीत. गावातून विरोध. सरकार म्हणालं, वीस-पंचवीस किलोमीटरवर ख्रिश्चनांसाठी ठरवलेली जागा आहे, तिकडे न्या. हायकोर्टातही मुलगा हरला. सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला २७ जानेवारीला. वीस दिवस देह शवागारात होता.

दोन न्यायमूर्तींचं मत जुळलं नाही. न्या. नागरत्ना म्हणाल्या, कुटुंबाला स्वतःच्या जमिनीत पुरू द्यावं. न्या. शर्मा म्हणाले, दफन ठरवून दिलेल्या जागीच व्हावं. एरवी मतभेद झाला की प्रकरण मोठ्या खंडपीठाकडे जातं. इथं देह वाट बघत होता, म्हणून दोघांनी मिळून आदेश दिला: त्या दूरच्या जागीच दफन, सरकारनं मदत आणि बंदोबस्त द्यावा, आणि दोन महिन्यांत राज्यभर ख्रिश्चनांसाठी दफनाच्या जागा आखून द्याव्यात.

यातली गोम लक्षात घ्या. 'तुमच्यासाठी वेगळी जागा आहे' हेच वाक्य गावात पुरू न देण्याचं कारण म्हणून वापरलं गेलं. राखीव जागा हक्क म्हणून येते आणि गावाबाहेरचा बाण म्हणूनही. अर्ज लिहिताना हे डोक्यात ठेवा.

---

निळाई

+१००. मला हेच म्हणायचं होतं, इतकं नीट जमलं नाही.

---

वोकिंगकर

जोडून: फ्रान्सनं १८८१ च्या कायद्यानं सार्वजनिक दफनभूमीतले धर्मवार सक्तीचे भाग काढून टाकले. जमीन सगळ्यांची. तरी आज तिथल्या अनेक दफनभूम्यांत मुसलमानांच्या, ज्यूंच्या कबरी एकत्र दिसतात, कारण कुटुंबाच्या इच्छेनुसार त्या जवळजवळ द्यायची मुभा महापौराला आहे. फाटक एक, पाटी नाही, पण आत दिशा वेगळी. अर्थात महापौराच्या मर्जीवर, म्हणजे ते दुखणं वेगळंच.

---

दोरी_फूटपट्टी

नगररचनेत वीस वर्षं घासली, आता निवृत्त आहे. बाकीच्यांनी तत्त्वज्ञान सांगितलं, मी गुंठे सांगतो.

वाटेसकट एका कबरीला साधारण सव्वातीन चौरस मीटर धरा. गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर, त्यात तीसेक कबरी. तुमच्या गावात दफन करणारे सगळे मिळून वर्षाला वीस मयतं होत असतील, तर एक एकर साठ वर्षं पुरतो, एकदाही कबर न उघडता. तेव्हा 'जमीन कुठं आहे' हे रडगाणं छोट्या गावात खरं नाही. मोठ्या शहरात खरं आहे.

चुकतं ते आरक्षण टाकताना. नकाशावर कुंभारवाडा, कचरा डेपो आणि त्याच्या मागे 'दफनभूमी' असा ठिपका देतात. पोचरस्ता दाखवत नाहीत. पंधरा वर्षांनी तिथं झोपडी उभी, आरक्षण कागदावर. किंवा भोवती प्लॉट पडतात आणि नवे रहिवासी म्हणतात आमच्या खिडकीतून दिसतं.

ताई, अर्जात 'लिंगायत' लिहू नका. लिहा: 'सध्याच्या स्मशानभूमीला लागून, त्याच पोचरस्त्यावर, दफनासाठी स्वतंत्र भाग.' जातधर्म नाही, पद्धत लिहायची. त्यात लिंगायत आले, गोसावी आले, नाथपंथी आले, महानुभाव आले, हिंदूंची लहान मुलं आली, आणि ज्यांचं कुणीच नाही ते बेवारसही. फाटक एक, पाणी एक, शेड एक, रजिस्टर एक. रकाना पद्धतीचा. आत ओळी वेगळ्या आखता येतात, त्याला भिंत लागत नाही, चुन्याची फक्की लागते.

---

अमीना_रत्नागिरी

दोरीकाका, चांगलं आहे, पण एक अडतं. पद्धतीवर जागा दिली तरी ओळ कोण आखणार? पालिकेच्या माणसाला किब्ला माहीत असेल? फक्की कोण टाकेल? आमच्या जमातीत मुतवल्ली असतो, तो सगळं बघतो. बिनवारशी जागेत जो दांडगा तोच आखतो. मला स्वतःचं कब्रस्तान सोडून त्या सामाईक तुकड्यात जायला सांगितलं तर मी जाणार नाही.

---

दोरी_फूटपट्टी

जाऊच नका. ज्यांची जमातीची, चर्चची जागा आहे त्यांनी ती ठेवावी, मी ती घ्या म्हणालो नाही. हा तुकडा ज्यांना कुठलीच खिडकी पास देत नाही त्यांच्यासाठी. पण फक्कीचं खरं आहे. ते कामगाराला शिकवावं लागेल, आणि कंत्राटी कामगार दर अकरा महिन्यांनी बदलतो. यावर माझ्याकडं उत्तर नाही.

---

सॅबी_वसई

काका, म्हणजे माझी मावशी आणि तिचा नवरा त्या तुकड्यात शेजारी शेजारी मावले असते?

---

दोरी_फूटपट्टी

पद्धत एक असती तर, हो. रजिस्टरला नातं लागत नाही.

---

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. काल भावाशी दोन तास फोनवर. 'लिंगायत' शब्द अर्जातून काढायला तो तयार होईना. म्हणाला, नाव न लिहिता मागितलं तर मिळाल्यावर आपलं म्हणायचं कशाच्या जोरावर? मी निळाईचा ओढा आणि बस्तरचं प्रकरण वाचून दाखवलं. शेवटी असं ठरलं: विषयात 'दफनासाठी स्वतंत्र भाग', आणि खाली कारणांत कुणाकुणाची अडचण होते त्यांची नावं, लिंगायत पहिलं. ते 'पहिलं' त्यानं सोडलं नाही.

निळाई, त्याच अर्जात ओढ्यापलीकडच्या वस्तीच्या स्मशानाला रस्ता आणि शेड असा दुसरा मुद्दा घातलाय. तिथंही असं एक आहे, भावाला माहीत होतं, कधी बोलला नव्हता. त्या वस्तीतल्या चौघांनी सही करतो म्हटलंय, त्याआधी त्यांनी अर्ज दोनदा वाचून घेतला.

आत्याला सांगितलं, आता इथंच जागा मिळेल बहुतेक. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मिळू दे की. पण मला तिकडंच न्या, त्यांच्याजवळ."

---

दोरी_फूटपट्टी

अर्ज दोन प्रतींत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, तारीख-शिक्क्यासकट. नुसता आवक नंबर तोंडी सांगतात, त्यावर विसंबू नका.